तीन मिनिटांचा साहसी विनोदी अ‍ॅनिमेशनपट: गोष्टीपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत

घरातल्या लहानथोरांनी एकत्र बसून बघावा असा साहसी विनोदी अ‍ॅनिमेशनपट करायला घेतला, की बहुतेक नवे चमू पात्रे रेखाटण्यापासून सुरुवात करतात. पात्रे गोंडस होतात, पार्श्वभूमी सुंदर रंगते. पण तयार चित्रपट बघताना कुणी हसत नाही आणि कुणाच्या काळजाचा ठोकाही चुकत नाही. याचे कारण जवळपास नेहमी एकच असते. कोणती गोष्ट पडद्यावर किती वेळ राहणार, हे कुणी मोजलेलेच नसते. चार फ्रेम (फ्रेम म्हणजे पडद्यावर क्षणभर दिसणारे एक चित्र; इथे सेकंदाला २४) आधी शॉट कापला तर विनोद कळायच्या आत संपतो, बारा फ्रेम उशिरा कापला तर धोका पातळ होतो. म्हणून या लेखात रेखाटनापेक्षा वेळेच्या हिशोबाला जास्त जागा दिली आहे.

कामाचा आवाका आधी मोजा

इथे धरलेला आराखडा असा: हाताने काढलेले द्विमितीय अ‍ॅनिमेशन, लांबी १८० सेकंद, वेग सेकंदाला २४ फ्रेम, आकार १९२० बाय १०८० पिक्सेल, माणसे दोन ते चार.

१८० सेकंद म्हणजे ४३२० फ्रेम. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरले, म्हणजे 'टूज'वर काम केले, तर एका पात्राची २१६० चित्रे होतात. स्थिर क्षण, पुन्हा वापरता येणारी चाल आणि पात्र नसलेले शॉट वजा केले, तर नीट आखलेल्या गोष्टीत दोन पात्रांचा मिळून आकडा दीड हजाराच्या आसपास ठेवता येतो. रोज २५ स्वच्छ, म्हणजे अंतिम रेषेची, चित्रे धरली तर ते एका माणसाचे ६० दिवस झाले. रंग, पार्श्वभूमी आणि आवाज वेगळे. हा हिशोब गोष्ट लिहिण्याआधी कागदावर मांडा. गोष्टीत पाऊस, गर्दी, वाहते पाणी किंवा पट्ट्यापट्ट्यांचा प्राणी आला की काम दुपटीने वाढते, आणि ते कळेपर्यंत निम्मे शॉट झालेले असतात.

साधनांपायी अडायचे कारण नाही. क्रिटा, ओपनटून्झ आणि ब्लेंडरमधली ग्रीस पेन्सिल ही तिन्ही मोफत आहेत. ब्लेंडरवर तयार झालेल्या लाटव्हियाच्या एका पूर्ण लांबीच्या चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले. चमूतल्या सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर आणि त्याची एकच आवृत्ती वापरणे मात्र गरजेचे आहे.

गोष्ट: दोन पात्रे, एक वस्तू, एक दिशा

तीन मिनिटांत यापेक्षा जास्त मावत नाही. उदाहरणासाठी एक गोष्ट घेऊ. उतावळ्या करडाच्या धक्क्याने कड्यावरच्या घरट्यातले अंडे खाली पडते आणि गवतावर अलगद टेकते. ते वर पोहोचवायचे आहे. सोबत आहे एक अतिसावध कासव.

अंडे ही वस्तू मुद्दाम निवडली आहे. ते फुटू शकते, हे दोन वर्षांच्या मुलालाही सांगावे लागत नाही. ते घरंगळते, म्हणजे आपोआप अडचणी निर्माण करते. आणि ते काढायला एक लंबगोल पुरतो. तुमच्या गोष्टीतली वस्तू निवडताना हेच तीन निकष लावा.

साहसी विनोदात सगळ्यात जास्त चुकणारी जागा म्हणजे विनोदासाठी धोका थांबवणे. पात्र दरीवर लोंबकळत असताना ते प्रेक्षकांकडे बघून काहीतरी गमतीशीर बोलते, आणि त्या क्षणी दरी खोटी ठरते. विनोद हा धोक्यातून सुटण्याच्या प्रयत्नातून आला पाहिजे. करडू घाई करते म्हणून ओंडका उसळतो. ओंडका उसळतो म्हणून अंडे हवेत उडते. कासव ते झेलते, पण अंड्याला तडा जातो. हसून झाल्यावर संकट आधीपेक्षा वाढलेले असावे. प्रत्येक प्रसंग पुढच्याला 'म्हणून' किंवा 'पण' या शब्दाने जोडता येतो का, ते तपासा. जिथे 'आणि मग' लावावे लागते तो प्रसंग काढून टाका. तो गेल्याने गोष्टीचे काही बिघडत नाही.

सेकंदांत मांडणी अशी करता येईल. ० ते १५: अंडे पडते. १५ ते ३०: वरचे घरटे दिसते, कासव सोबत येते. ३० ते १००: चढ आणि ओंडक्याचा पूल. १०० ते ११२: शांत जागा, दोघे दमून बसतात, कुणी बोलत नाही. ११२ वर अंड्यातून पिल्लू बाहेर येते आणि धावत सुटते. ११२ ते १५५: पाठलाग. १५५ ते १८०: घरटे.

ते बारा शांत सेकंद कापायचा मोह प्रत्येक चमूला होतो. कापू नका. सतत ९० सेकंद धावपळ पाहिली की डोळे थकतात आणि पुढचा पाठलाग आधीच्यासारखाच वाटू लागतो.

पात्राचा स्वभाव फ्रेममध्ये लिहा

दोन पात्रांत फरक दाखवायचा सगळ्यात स्वस्त आणि पक्का मार्ग म्हणजे त्यांचा वेग. करडू कोणताही निर्णय ४ फ्रेममध्ये घेते, कासवाला ३० लागतात. करडाच्या पापण्या ४ फ्रेममध्ये लवतात, कासवाच्या १० मध्ये. करडाचे पाऊल ८ फ्रेमचे, कासवाचे ३०. हे आकडे मॉडेल शीटवर, म्हणजे पात्राच्या नमुना-चित्रांच्या कागदावर, चित्राशेजारीच लिहून ठेवा, म्हणजे वेगवेगळ्या माणसांनी काढलेले शॉट एकाच पात्राचे वाटतील.

याचा खरा फायदा शेवटी मिळतो. पिल्लू कड्याच्या टोकाकडे धावते तेव्हा कासव पहिल्यांदाच ४ फ्रेममध्ये निर्णय घेऊन कवचावर घसरत सुटते, आणि करडू पहिल्यांदाच ३० फ्रेम थांबून विचार करते. दोघे बदलले हे संवाद न लिहिता कळते. पाच वर्षांचे मूल त्याला हसते, तर सोबत बसलेल्या मोठ्या माणसाला त्यात आपले घर दिसते. कौटुंबिक चित्रपटात मोठ्यांसाठी वेगळे द्व्यर्थी विनोद पेरण्यापेक्षा हे कितीतरी जास्त टिकते.

मॉडेल शीटवर प्रत्येक पात्राची पुढची, बाजूची आणि तीन-चतुर्थांश बाजू, चेहऱ्याचे सहा भाव आणि उंचीची तुलना हवी. उंची वस्तूत मोजा: करडू चार अंडी उंच, कासव अडीच. नाहीतर विसाव्या शॉटपर्यंत अंडे भोपळ्याएवढे होते. प्रत्येक मुख्य पोझ पूर्ण काळी भरून बघा. आकृतीवरून काय चालले आहे ते कळले नाही, तर आतल्या रेषा आणि रंग ते वाचवणार नाहीत. त्यानंतर पात्र पार्श्वभूमीवर ठेवून चित्र रंगहीन करा; अंडे आणि खडक सारख्याच करड्या छटेत मिसळले, तर ज्या वस्तूवर सगळी गोष्ट उभी आहे तीच दिसत नाही. तिथे खडक गडद करा, अंड्याला हात लावू नका.

स्टोरीबोर्ड

स्टोरीबोर्ड म्हणजे गोष्ट शॉटनुसार मांडणारी कच्ची चित्रे. १८० सेकंदांसाठी ४५ च्या आसपास शॉट पुरतात, म्हणजे सरासरी चार सेकंदांचा एक. शॉटना १०, २०, ३० असे क्रमांक द्या. मध्ये नवा शॉट घालायची वेळ हमखास येते आणि तेव्हा २५ ही जागा मोकळी असते.

घरट्याकडे जाण्याची दिशा एकदा ठरवा, समजा डावीकडून उजवीकडे आणि वर. ती शेवटपर्यंत पाळा. एका शॉटमध्ये कॅमेरा पात्रांच्या दुसऱ्या बाजूला गेला, तर दोघे परत फिरले असा समज होतो. दिशा खरोखर बदलायची असेल तर मध्ये एक शॉट असा घाला, ज्यात पात्र थेट कॅमेऱ्याकडे येते किंवा पडद्यावरच वळते. विनोदाचा शॉट शक्यतो लांबून आणि स्थिर ठेवा. कारण आणि परिणाम एकाच चौकटीत दिसले की हसू येते. क्लोज-अप धोक्यासाठी आणि भावनेसाठी राखून ठेवा.

अ‍ॅनिमॅटिक: चित्रपट इथेच घडतो

स्टोरीबोर्डची ओबडधोबड चित्रे कच्च्या आवाजासह टाइमलाइनवर ठरलेल्या वेळेत मांडली की अ‍ॅनिमॅटिक तयार होते. एकूण वेळेचा किमान पाचवा भाग यावर घालवा. इथे शॉट बदलायला पाच मिनिटे लागतात, स्वच्छ अ‍ॅनिमेशन झाल्यावर पाच दिवस.

ओंडक्यावरच्या प्रसंगाचा हिशोब पाहा. एकूण १४४ फ्रेम, म्हणजे सहा सेकंद, सगळे एकाच स्थिर चौकटीत:

- १ ते ३०: कासव पाठीवर अंडे घेऊन एक पाऊल टाकते.
- ३१ ते ४२: थांबते. पापणी लवते.
- ४३ ते ५२: मागे उभे करडू अंग आखडून घेते, उडीची पूर्वतयारी.
- ५३ ते ५६: उडी. ५४ व्या फ्रेमवर लांबट ताणलेले एकच स्मीअर चित्र.
- ५७ ते ६०: करडू पलीकडच्या टोकावर आदळते, ओंडका दबतो.
- ६१ ते ७२: ओंडका उसळतो, अंडे वर जाते.
- ७३ ते ८२: अंडे सर्वात उंचावर थबकते. दोघे वर बघतात. संगीत बंद.
- ८३ ते ९२: अंडे खाली येते.
- ९३, ९४: कासवाची मान लांब होते, अंडे डोक्यावर टेकते.
- ९५ ते ११८: कुणीही हलत नाही.
- ११९: 'टच्'. बारीक तडा.
- १२० ते १४४: दोघांचे डोळे हळूहळू वर.

९५ ते ११८ या २४ फ्रेम सगळ्यात महत्त्वाच्या आहेत. तिथे जीव भांड्यात पडतो, हसू फुटते आणि सगळे शांत असल्यामुळेच तो 'टच्' ऐकू येतो. 'काहीच घडत नाही' म्हणून हा होल्ड, म्हणजे स्थिर थांबा, बारा फ्रेमवर आणला, तर हसू आणि तडा एकमेकांवर आदळून दोन्ही वाया जातात. सराव म्हणून हा प्रसंग होल्ड बारा, चोवीस आणि छत्तीस फ्रेमचा ठेवून तीनदा बनवा आणि लागोपाठ बघा.

अंडे पडताना समान वेगाने आणू नका. दोरीने खाली सोडल्यासारखे दिसते. खाली पडणाऱ्या वस्तूचे सलग समान वेळांतले अंतर १, ३, ५, ७ या विषम प्रमाणात वाढते. दहा फ्रेममध्ये हे प्रमाण १ ते १९ असे जाते आणि बेरीज १०० येते. पडायचे अंतर ३०० पिक्सेल असेल तर पहिल्या फ्रेमला ३ पिक्सेल, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला १५, शेवटच्याला ५७. वर जाताना हाच क्रम उलटा. उंचावरचा थबकलेला क्षण निसर्गात नसतो, पण त्याच्या आधीचा आणि नंतरचा वेग खरा असल्याने डोळे त्याला माफ करतात.

अ‍ॅनिमॅटिक झाले की ते चार ते दहा वयाच्या पाच-सहा मुलांना दाखवा आणि तुम्ही पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघा. मान वळली की तो सेकंद टिपून घ्या. 'आवडले का?' असे विचारू नका, मुले हो म्हणतात. 'काय झाले ते सांग' म्हणा. गोष्ट सांगताना मूल जिथे अडखळते किंवा एखादा प्रसंग गाळते, तिथे तुमचा स्टोरीबोर्ड अस्पष्ट आहे. ही चाचणी झाल्याशिवाय एकही स्वच्छ रेघ काढू नका.

आवाज आधी, चित्र नंतर

संवाद अ‍ॅनिमेशनच्या आधीच रेकॉर्ड करा. बोलणाऱ्याने घेतलेला श्वास, मध्येच फुटलेले हसू, शब्दावरचा जोर यांतून अ‍ॅनिमेटरला पोझ सुचतात. कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर, पंखा बंद करून, तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर माइक ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट; आवाजाची शिखरे -१२ ते -६ डेसिबलमध्ये. खोलीची नुसती शांतता दहा-पंधरा सेकंद रेकॉर्ड करून ठेवा, संवादांमधल्या फटी भरायला ती लागते. दमल्याचा आवाज हवा असेल तर कलाकाराला जागच्या जागी उड्या मारायला लावा. दमल्याचे सोंग लगेच ओळखू येते.

ओठांच्या हालचालींसाठी मराठीत वेगळा तक्ता शोधायची गरज नाही. आपली वर्णमाला उच्चाराच्या जागेनुसारच मांडलेली आहे, तिच्यावरून सहा आकार काढा: प, ब, भ, म साठी मिटलेले ओठ, फ, व साठी खालचा ओठ वरच्या दातांपाशी, आ साठी मोठे उघडे तोंड, इ, ई, ए साठी ताणलेले, उ, ऊ, ओ साठी गोल, आणि अ व उरलेल्या व्यंजनांसाठी किंचित उघडे. प्रत्येक आकार किमान दोन फ्रेम टिकवा. 'पळ' म्हणताना प चे मिटलेले ओठ दिसले नाहीत तर सगळे वाक्य चुकीचे डब केल्यासारखे वाटते, म्हणून वेळ कमी असेल तर आधीच्या स्वराच्या फ्रेम घ्या, पण ओठ मिटवाच. ओठ आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी हलले तर नैसर्गिक दिसतात. उशिरा हलले तर एका फ्रेमचा फरकही खटकतो.

अ‍ॅनिमेशन

प्रत्येक शॉट आधी फक्त मुख्य पोझमध्ये काढा, अ‍ॅनिमॅटिकमधल्या वेळेवर ठेवा आणि चालवून बघा. इथे प्रसंग कळला तरच मधली चित्रे भरा. डिस्नीच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या अ‍ॅनिमेशनच्या १२ तत्त्वांपैकी विनोदी साहसात तीन सतत लागतात: पूर्वतयारी, दबणे-ताणणे आणि एका वेळी एकच गोष्ट दाखवणे. दबताना आकाराचे क्षेत्र तेवढेच राहिले पाहिजे. कासव आदळून निम्म्या उंचीचे झाले, तर ते दुप्पट रुंदही व्हायला हवे, नाहीतर ते फुग्यासारखे हवा जाऊन लहान झाल्यासारखे दिसते.

चालण्यात सगळ्यात जास्त तक्रार पाय घसरण्याची. पात्र जागेवर चालते आणि पार्श्वभूमी सरकते तेव्हा दोघांचा वेग जुळलाच पाहिजे. जमिनीवर टेकलेला पाय १२ फ्रेममध्ये १२० पिक्सेल मागे जात असेल, तर पार्श्वभूमी फ्रेमला १० पिक्सेल सरकवा. चाल टूजवर असेल आणि पार्श्वभूमी प्रत्येक फ्रेमला सरकत असेल, तर पाय थरथरतात. त्यावर उपाय दोनच आहेत: चाल प्रत्येक फ्रेमला नवी काढा, किंवा पार्श्वभूमीही दर दोन फ्रेमला २० पिक्सेल सरकवा. करडाच्या धावण्यासाठी पहिला उपाय वापरा, कासवासाठी दुसरा पुरतो.

आदळण्याच्या वेळी कॅमेरा हलवायचा असेल तर हादरा लगेच विरला पाहिजे: १२ पिक्सेल खाली, ९ वर, ६ खाली, ४ वर, २ खाली, मग स्थिर. तीन मिनिटांत हा प्रकार दोनदा पुष्कळ झाला.

लहान मुले बघणार आहेत

वीज, स्फोट, जादूचा प्रकाश दाखवताना एका सेकंदात तीनपेक्षा जास्त झगमगाट कधीही ठेवू नका, आणि पूर्ण पडद्यावर लाल रंगाची उघडझाप मुळीच नको. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमधल्या एका अ‍ॅनिमेशन मालिकेत लाल-निळा प्रकाश वेगाने चमकल्यामुळे शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते.

मूल लगेच करून बघेल अशा धोक्यांपासूनही लांब राहा: गळ्याभोवती दोरी, विजेचे बटण, खिडकीतून उडी, गोळ्या खाणे. आदळल्याचा परिणाम शरीरापेक्षा वस्तूवर दाखवा; ओंडका मोडतो, करडू फक्त गरगरते. जाडेपणा, तोतरेपणा, रंग यांवर हसू काढू नका. बघणाऱ्या मुलांत तसे एखादे मूल असते आणि त्या क्षणी सगळे त्याच्याकडे बघतात.

संगीत, मिश्रण, निर्यात

संगीताचा ठेका फ्रेममध्ये मोजता येतो: १४४० ला (एका मिनिटातल्या फ्रेम) मिनिटातल्या ठोक्यांनी भागा. १२० ठोक्यांना एक ठोका १२ फ्रेमचा, ९० ला १६ चा, १४४ ला १० चा. पाठलागासाठी १४४ घेतले तर करडाचे पाऊल ८ ऐवजी १० फ्रेमचे करावे लागेल. १८० घेतले तर ८ फ्रेम जसेच्या तसे जुळते. प्रत्येक हालचालीवर वाद्याचा ठोका मात्र देऊ नका, दुसऱ्या मिनिटापर्यंत कान विटतात. मोठ्या विनोदाआधी अर्धा सेकंद पूर्ण शांतता कुठल्याही वाद्यापेक्षा जास्त काम करते.

निर्यात थेट व्हिडिओत न करता आधी पीएनजी चित्रांच्या मालिकेत करा. संगणक मध्येच बंद पडला तर जिथे थांबले तिथून पुढे जाता येते. मग आवाज जोडून एच.२६४ या व्हिडिओ स्वरूपात, २४ फ्रेम, १५ ते २० मेगाबिट प्रतिसेकंद. इंटरनेटसाठी एकूण आवाजपातळी -१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे माप) आसपास आणि शिखर -१ डेसिबलच्या खाली ठेवा. तयार प्रत हेडफोनवर, मोबाइलच्या स्पीकरवर आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीवर अशी तीनदा ऐका. मोबाइलवर तो 'टच्' ऐकू येत नसेल तर त्याचा आवाज नुसता वाढवून भागत नाही. लहान स्पीकर खालचे सूर वाजवतच नाहीत, म्हणून त्यात सुकी काडी मोडल्याचा एक वरच्या सुरातला आवाज मिसळा आणि फ्रेम ११९ वरच ठेवा.